संहारातून वाचलेल्यांची साक्ष

नभोवाणीचा दिवस ज्या सुरावटीने उघडतो, ती आपल्यापैकी कित्येकांच्या कानांत बाळपणापासून बसलेली आहे. तंबोऱ्याच्या झंकारावर व्हायोलिनचे ते स्वर उमटले म्हणजे पहाट झाली, असे पुष्कळ घरांतून समजण्यात येत असे. ही सुरावट सर्वसाधारणपणे ज्यांच्या नावे सांगतात, ते वॉल्टर कॉफमान नावाचे गृहस्थ परदेशी होते. १९०७ साली बोहेमियातील कार्ल्सबाद येथे एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बर्लिन व प्राग येथे त्यांनी संगीताचा अभ्यास केला. आणि जर्मनीत हिटलरच्या हाती सत्ता गेल्याच्या दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९३४ साली, ते मुंबई बंदरात उतरले. पुढे १९३७ पासून १९४६ पर्यंत मुंबईच्या नभोवाणी केंद्रावरील पाश्चात्य संगीताचा विभाग त्यांच्याकडे होता. ज्या भूमीतून ते निघून आले, त्या भूमीवर व तिच्या आसपास त्यांच्या समाजाची सुमारे साठ लाख माणसे १९४५ पर्यंत ठार मारली गेली.

त्यांची सुरावट आपण वर्षानुवर्षे ऐकली. परंतु ती बांधणारा मनुष्य कोण, आणि तो आपला देश सोडून येथे का आला, असा प्रश्न फारसा कोणी केला नाही. आजच्या भाषणाचा विषय या न विचारलेल्या प्रश्नाशीच निगडित आहे. एखाद्या समाजाचा समूळ उच्छेद करण्याचा प्रयत्न होतो, त्यातून काही माणसे वाचतात, आणि ती जगाच्या पाठीवर कोठे कोठे विखुरतात. त्यांपैकी काही आपल्या महाराष्ट्रातही आली, राहिली आणि निघून गेली. त्यांची हकीकत जतन कशी झाली, कोणी केली, आणि तीत आपला वाटा कोणता, याचा थोडा विचार आपण करू.

प्रथम शब्दाकडे पाहू. माणसांची कत्तल जगात नवी नाही. तैमूरलंग व नादिरशहा यांची नावे आपल्या इतिहासातही आहेत. तथापि एखादा वंश किंवा धर्मसमाज या पृथ्वीवर मुळी राहूच नये, या हेतूने आखणी करून केलेल्या संहारास वेगळे नाव नव्हते. ते राफाएल लेम्किन या पोलंडमधील ज्यू कायदेपंडिताने १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रथम योजिले. आपण त्यास वंशसंहार म्हणू. लेम्किन स्वतः नाझींच्या तावडीतून निसटून अमेरिकेस पोहोचला होता. त्याच्या आप्तांपैकी बहुतेक मारले गेले. या एकट्या मनुष्याने राष्ट्राराष्ट्रांच्या प्रतिनिधींचे उंबरठे झिजविले, आणि ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने वंशसंहार हा गुन्हा ठरविणारा करार मंजूर केला. भारताने त्यास १९५९ साली संमती दिली. म्हणजे या शब्दाचा जनकही संहारातून वाचलेलाच एक होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

अशा संहारात मारेकऱ्याला माणूस मारून समाधान होत नाही. त्या माणसाची आठवणही त्याला नको असते. प्रेते जाळावयाची, दप्तरे नष्ट करावयाची, संहारस्थाने जमीनदोस्त करून वर झाडे लावावयाची, हे नाझींनी पोलंडमध्ये प्रत्यक्ष केले. त्रेब्लिंका येथे लाखो माणसे मारल्यावर १९४३ साली ते स्थान पाडून तेथे एक शेतघर उभे करण्यात आले. मागे उरलेला साक्षीदार म्हणूनच मारेकऱ्याच्या योजनेतील एक चूक ठरतो. तो बोलला तरच ती योजना अपुरी राहते. तो गप्प बसला, किंवा त्याचे ऐकणारे कोणी नसले, तर ती तेवढ्या अंशाने सिद्धीस जाते.

हे मर्म ओळखणारा एक इतिहासकार वॉर्सा नगरीच्या ज्यू कोंडवाड्यात होता. त्याचे नाव इमान्युएल रिंगेलब्लुम. १९४० सालच्या नोव्हेंबरात त्या वस्तीभोवतीची भिंत बंद झाली, आणि आत चार लाखांहून अधिक माणसे कोंडली गेली. रिंगेलब्लुमने शिक्षक, लेखक, व्यापारी व विद्यार्थी अशा काही डझन माणसांची एक गुप्त मंडळी जमविली. अन्नाच्या पाकिटावरील छापील कागद, शाळकरी पोरांचे निबंध, मरणाऱ्यांची पत्रे, भाव व भूक यांची टिपणे, जे मिळेल ते त्यांनी गोळा केले, आणि पत्र्याच्या पेट्यांत व दुधाच्या बरण्यांत भरून जमिनीखाली पुरले. पुरणाऱ्यांना स्वतःच्या जिवाची आशा उरली नव्हती. १९४४ सालच्या मार्चमध्ये रिंगेलब्लुम, त्याची पत्नी व मुलगा मारले गेले. मंडळीपैकी तिघेच जिवंत राहिले. त्या तिघांच्या आठवणीच्या आधारे १९४६ साली पेट्या उकरून काढण्यात आल्या. बरण्या १९५० साली सापडल्या. आज त्या कोंडवाड्याचा इतिहास लिहिणारास या कागदांवाचून पुढे जाता येत नाही.

त्याच कोंडवाड्यात डॉक्टर यानुश कोर्चाक यांचे अनाथाश्रम होते. १९४२ सालच्या १८ जुलै रोजी तेथील मुलांनी एक नाटक केले, ते रवींद्रनाथ ठाकुरांचे 'डाकघर'. खोलीत कोंडलेला अमल नावाचा आजारी मुलगा खिडकीतून बाहेरचे जग पाहतो आणि राजाच्या पत्राची वाट पाहत शांतपणे झोपी जातो, ही त्याची कथा आपणास परिचित आहेच. मुलांना मृत्यूची भीती वाटू नये म्हणून कोर्चाकांनी हे नाटक निवडले, असे म्हणतात. तीन आठवडेही गेले नाहीत, तोच सुमारे दोनशे मुलांना त्रेब्लिंकाकडे नेण्यात आले. कोर्चाकांस स्वतःची सुटका करून घेण्याच्या संधी आल्या होत्या. त्यांनी मुलांचा हात सोडला नाही. बंगालच्या कवीचे शब्द मुखी घेऊन ती मुले गेली, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही.

प्रत्यक्षदर्शी साक्षीचे मोल मराठी मनुष्यास अपरिचित आहे, असे मात्र मुळीच नाही. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे गेले असता १८५७ च्या धामधुमीत सापडले, आणि १८५८ साली इंग्रजांच्या फौजेने झाशी घेतली तेव्हा ते त्या नगरात होते. त्या कत्तलीतून ते वाचले, परत आले, आणि पंचवीस वर्षांनंतर त्यांनी आपला वृत्तान्त लिहिला. तो भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली 'माझा प्रवास' या नावाने छापून काढला. गोडसे भटजींनी लेखणी हाती घेतली नसती, तर झाशीच्या त्या दिवसांची सरकारी खलित्यांतील बाजूच आपल्या हाती उरली असती. नगरातील विहिरी, गल्ल्या आणि घरांघरांतून कोंडलेली माणसे ही आपणास दिसली ती एका भिक्षुकाच्या डोळ्यांतून. पानिपतातून जीव घेऊन निघालेल्या नाना फडणिसांनीही आपल्या आत्मवृत्तात ती हकीकत नमूद केली आहे. तेव्हा साक्ष लिहिणे व ती वाचणे ही आपली जुनी रीत होय. प्रश्न एवढाच, की ही रीत आपण परक्याच्या दुःखासाठी कितपत चालविली.

या प्रश्नाचे एक अंग कोकणातच आहे. मी राहतो ती तळवली ठाणे व बेलापूर यांना जोडणाऱ्या रस्त्याच्या कडेची. तिच्या एका अंगास ठाणे आणि दुसऱ्या अंगास पनवेल. या दोन्ही गावांत बेने इस्राएल समाजाची जुनी प्रार्थनामंदिरे उभी आहेत. पनवेलचे १८४९ सालचे, तर ठाण्याचे १८७९ सालचे. हे लोक ज्यू धर्माचे, परंतु भाषेने मराठी. पेणकर, रोहेकर, केहिमकर अशी त्यांची आडनावे. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. विशेष हे, की या समाजाची परंपराच मुळी वाचलेल्यांच्या आठवणीवर उभी आहे. फार प्राचीन काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यालगत त्यांचे गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया एवढ्याच जगल्या, आणि बुडालेल्यांना त्यांनी तेथेच मूठमाती दिली, अशी कथा ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. ग्रंथ हरवले, मूळ भाषा विसरली, तरी ही कथा आणि एक प्रार्थना एवढी शिदोरी त्यांनी सोडली नाही. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समाजाचा इतिहास लिहून काढला. तो १९३७ साली प्रसिद्ध झाला.

या देशात बेने इस्राएलांचा धर्मावरून कधी छळ झाला नाही, याचा आपण अभिमान बाळगतो, आणि तो रास्तही आहे. पण त्याचाच एक परिणाम असा झाला, की ज्यूद्वेष ही काय वस्तू आहे, तिची परिणती कशात होते, याची जाणीव मराठी समाजास अनुभवाने झाली नाही. युरोपातून पळून आलेले ज्यू १९३३ नंतर मुंबईस येऊ लागले, तेव्हा त्यांच्या साह्यासाठी १९३४ साली ज्यू मदत मंडळ स्थापन झाले. परंतु सरकारची दृष्टी निराळीच राहिली. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारले गेल्यावर जर्मन व ऑस्ट्रियन नागरिक म्हणून या निर्वासितांपैकी कित्येकांची रवानगी अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, बंदिछावणीत झाली. ज्यांना हिटलरने जर्मन मानण्याचे नाकारले, त्यांनाच येथे जर्मन ठरवून तारेच्या कुंपणाआड ठेवले गेले. पुढे चौकशी होऊन बहुतेकांची सुटका झाली खरी. पण शेजारच्या गावाला त्यांची कहाणी कळण्यास तेथे अवसर कोठला?

श्रोतेहो, याहून मोठी आणि याहून आपल्या निकटची घटना कोल्हापुरास घडली. तिची थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर स्वारी केली, आणि १७ सप्टेंबर रोजी सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून. देशाचे दोन तुकडे झाले. रशियाच्या वाट्यास आलेल्या भागातून फेब्रुवारी १९४० पासून जून १९४१ पर्यंत चार खेपांत माणसे उचलण्यात आली. शेतकरी, जंगलखात्याचे नोकर, शिक्षक, लष्करी अधिकाऱ्यांची कुटुंबे यांच्या दारावर रात्री थाप पडे. सामान बांधण्यास अर्धा-एक तास मिळे. आणि मालगाडीच्या डब्यांत घालून त्यांना सैबेरिया, अर्खांगेल्स्क किंवा कझाकस्तान येथे नेऊन टाकीत. पहिली खेप ऐन फेब्रुवारीतील बर्फात निघाली. तान्ही मुले व वृद्ध वाटेतच गेले. सोव्हिएत दप्तरांवरून ही संख्या सव्वातीन लाखांच्या आसपास भरते. वाचलेल्यांचा अंदाज याहून पुष्कळ मोठा होता. एप्रिल १९४० च्या खेपेत विशेषेकरून ज्यांना नेले, ती अटकेतील अधिकाऱ्यांची बायकामुले होती. त्याच वसंत ऋतूत कॅटिनच्या अरण्यात व अन्यत्र सुमारे बावीस हजार पोलिश अधिकारी व सुशिक्षित कैदी गोळ्या घालून मारले गेले, हे त्या बायकांना ठाऊक नव्हते. कझाकस्तानातून त्या पत्रे लिहीतच राहिल्या.

कायद्याच्या काटेकोर अर्थाने या हद्दपारीस वंशसंहार म्हणावे की नाही, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत, आणि पोलंडच्या ज्यूंचे जे झाले त्याच्याशी तिची बरोबरी करणे योग्य होणार नाही. पोलंडमधील तेहतीस लाख ज्यूंपैकी दहांतील नऊ मारले गेले. परंतु एका राष्ट्राची सुशिक्षित माणसे वेचून काढावयाची आणि त्याची मुले परमुलखात विरघळवून टाकावयाची, हा बेत त्या संहाराच्या शेजारचाच आहे.

जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर स्वारी केली, तेव्हा वारा फिरला. पोलंडच्या लंडनमधील सरकारशी रशियाने करार केला आणि या लोकांस 'माफी' जाहीर केली. ज्यांनी अपराधच केला नव्हता, त्यांस माफी! जनरल आंदेर्स यांच्या नव्या पोलिश फौजेच्या मागोमाग ही माणसे दक्षिणेकडे निघाली. उझबेकिस्तानात विषमज्वराने व आमांशाने हजारो मेली. उरलेली १९४२ साली कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरास लागली. तेहरानच्या दुलाब स्मशानभूमीत अशा हजाराहून अधिक पोलिश जिवांची थडगी आहेत. इराणात पोहोचलेल्यांत काही ज्यू अनाथ मुलेही होती. ती पुढे जहाजाने कराचीमार्गे १९४३ सालच्या फेब्रुवारीत पॅलेस्टाईनला गेली. त्यांचे येथे येणे वाटेपुरतेच होते.

पोलिश मुलांची पहिली तुकडी मात्र इराणची वाट धरून थेट आपल्याकडे आली. मुंबईतील पोलिश वकिलातीने औषधे व कपडे देऊन मोटारलॉऱ्या क्वेट्टा, झाहेदान व मशहद या मार्गाने अश्काबादपर्यंत धाडल्या होत्या. त्याच लॉऱ्या परत येताना अनाथ मुले घेऊन आल्या. वकिलांच्या पत्नी किरा बनासिन्स्का यांनी या कामी अविश्रांत श्रम केले. १९४२ सालच्या एप्रिलात दीडशेहून अधिक मुले मुंबईस पोहोचली व वांद्र्यास उतरली. तेथून त्यांना काठेवाडात नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे आश्रय दिला.

नंतर मोठी वसाहत उभी राहिली ती कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेच्या परिसरात, वळिवडे या गावी. १९४३ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस पहिली मंडळी तेथे आली, आणि अल्पावधीत ही वस्ती सुमारे पाच हजारांची झाली. तीत स्त्रिया, मुले व वृद्ध यांचाच भरणा. कर्त्या वयाचे पुरुष आघाडीवर होते किंवा परत न येण्याच्या ठिकाणी गेले होते. ओळीने बराकी, प्रत्येक कुटुंबास खोल्या व स्वैपाकघर, पुढे पडवी. बर्फातून आलेल्या या बायांनी दारापुढे फुलझाडे लावली. बालवर्गापासून वरच्या वर्गांपर्यंत शाळा निघाल्या, देऊळ म्हणजे चर्च झाले, रुग्णालय, नाट्यगृह, बालवीरांची पथके, सर्व काही उभे राहिले. ज्यांना दोन वर्षे पुस्तकाचे दर्शन नव्हते, ती मुले पोलिश भाषेतून इतिहास व व्याकरण शिकू लागली. शिक्षक या नात्याने मला या गोष्टीचे विशेष महत्त्व वाटते. संहाराच्या हेतूस उत्तर द्यावयाचे, तर लेकरांना आपल्या भाषेत धडा देण्याहून चांगले उत्तर नाही, हे त्या मास्तरणींना पुस्तकात वाचून कळले नव्हते.

याच काळात इटलीच्या आघाडीवर एक योग जुळून आला होता. मोंते कासिनोचा डोंगर मे १९४४ मध्ये ज्या पोलिश फौजेने सर केला, तीत वळिवड्यातील मुलांचे बाप व भाऊ होते. त्याच डोंगरावर त्याआधी हिंदी पलटणींनी रक्त सांडले होते. आणि त्याच वर्षीच्या जुलैत त्याच आघाडीवर रायगड जिल्ह्यातील पळसगावच्या यशवंत घाडगे या मराठा शिपायास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कोल्हापूरकडच्या आया युरोपातून येणाऱ्या तारेची धास्ती घेत होत्या, आणि वळिवड्याच्या बायाही. दोघींची भाषा निराळी, धास्ती एकच.

कोल्हापूरच्या बाजारात या गोऱ्या बाया टांग्यातून येत, मोडक्यातोडक्या मराठी-हिंदीत भाव करीत. भाजीवाल्या, टांगेवाले, शिंपी यांच्याशी त्यांचा परिचय झाला. एका पोलिश मुलीने तर कोल्हापूरच्या मराठी तरुणाशी विवाह करून कायमचे येथेच घर केले. आतिथ्यात उणेपणा राहिला नाही. तथापि सैबेरियात काय घडले, वाटेत कोणास पुरले, हे त्या कोणाला सांगणार? भाषेची अडचण होती, आणि इंग्रज सरकार रशियाच्या दोस्तीत असल्याने ही हकीकत फार बोलली जाऊ नये असेच वातावरण होते.

युद्ध संपले, पण त्यांचा वनवास संपला नाही. याल्टा येथील ठरावाने त्यांची गावे रशियाकडे गेली. ५ जुलै १९४५ रोजी लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता ब्रिटनने काढून घेतली. परत जावयाचे, तर ज्यांनी हद्दपार केले त्यांच्याच छायेखाली. १९४८ पर्यंत वळिवडे रिकामे झाले. कोणी इंग्लंडला गेले, कोणी ऑस्ट्रेलिया-कॅनडाला, थोडे पोलंडला. त्याच बराकींतून पुढे सिंधमधून आलेले निर्वासित राहिले, आणि तेथे आजचे गांधीनगर वसले. एकाच छपराखाली, वर्षा-दोन वर्षांच्या अंतराने, घरदार हरवलेल्या दोन जमाती येऊन राहिल्या. त्या भिंतींनी जेवढे ऐकले असेल, तेवढे आपण ऐकलेले नाही.

मायदेशी परतलेल्यांस त्यानंतर चाळीस वर्षे तोंड उघडता आले नाही. पोलंडमध्ये सैबेरियाचे नाव काढणे धोक्याचे होते, आणि कॅटिनचा दोष जर्मनांच्या माथी मारला जात होता. सोव्हिएत सरकारने तो अपराध स्वतःचा म्हणून १९९० साली कबूल केला. या दीर्घ मौनात साक्ष टिकविली, ती परदेशी विखुरलेल्या वळिवडेकरांनी. लंडनमध्ये त्यांनी १९४२ ते १९४८ या काळात भारतात राहिलेल्या पोल लोकांचे मंडळ स्थापिले. ठराविक काळाने मेळावे भरविले. छायाचित्रे, शाळेच्या वह्या, पत्रे गोळा केली. आणि सन २००० मध्ये एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो कोणा एका पंडिताचा नव्हे. पुष्कळांनी आपापली आठवण लिहावी, दुसऱ्याने ती तपासावी, तिसऱ्याने कागदपत्र जोडावे, अशा सामुदायिक परिश्रमाचे ते फळ आहे. वॉर्साच्या कोंडवाड्यातील मंडळीने जे भिंतीआड केले, तेच यांनी परदेशात मोकळेपणी केले.

वृद्धापकाळी यांतील काहींनी पुन्हा कोल्हापूर गाठले. शहरातील महावीर उद्यानात त्यांनी स्मृतिस्तंभ उभारला. सप्टेंबर २०१९ मध्ये पोलंडचे मंत्री व हयात असलेले काही वळिवडेकर येऊन वळिवडे येथेही स्मारकाचे अनावरण झाले. वॉर्सा नगरीत वळिवडे-कोल्हापूरच्या नावाचा स्मृतिफलक आहे. भारताच्या पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२४ मध्ये तेथे पुष्पचक्र वाहिले. हे सर्व उचित झाले. परंतु यात एक गोष्ट नजरेतून निसटू नये. आठवण ठेवण्याचा भार पाहुण्यांनी वाहिला. यजमानांनी हार घातले. त्या बायांना दूध घालणाऱ्या, त्यांचे कपडे शिवणाऱ्या, त्यांच्या मुलांबरोबर पंचगंगेत पोहणाऱ्या करवीरकरांच्या आठवणी कितीशा लिहून ठेवल्या गेल्या?

कोणी म्हणेल, परक्या मुलखातील ही दुःखे. आपल्या घरी ती उगाळून काय साधावयाचे? याचे उत्तर आमच्या नवी मुंबईतच मिळाले आहे. २००६ सालच्या ऑगस्टमध्ये खारघर येथे एक उपाहारगृह उघडण्यात आले, आणि त्यास चक्क हिटलरचे नाव देऊन आत त्याचे मोठे चित्र लावण्यात आले. हेतू द्वेषाचा नव्हता. नाव लोकांच्या तोंडी बसलेले, म्हणून गिऱ्हाईक ओढील, एवढाच हिशेब. मुंबईच्या ज्यू समाजाने हरकत घेतली, आणि काही दिवसांतच पाटी बदलली. पण बेने इस्राएलांच्या पनवेलपासून हाकेच्या अंतरावर ती पाटी लागू शकली, हे विसरता येत नाही. कडक शिक्षकास मुले 'हिटलर' म्हणतात, आणि त्याचे आत्मचरित्र रस्त्याच्या कडेस परीक्षांच्या मार्गदर्शिकांशेजारी विकावयास ठेवलेले असते. मारेकऱ्याचे नाव असे आपोआप टिकते. त्याला स्तंभ लागत नाही, मेळावा लागत नाही. मारल्या गेलेल्यांची नावे मात्र एकेक करून टिकवावी लागतात. जेरुसलेम येथील याद वाशेम या संस्थेने १९५३ पासून हा उद्योग चालविला आहे. साठ लाखांपैकी ४८ लाखांहून अधिक नावे जमली, ती बहुतांशी कोणा आप्ताने किंवा शेजाऱ्याने एकेक पत्रक भरून दिल्याने.

म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, असे आपल्याकडे म्हणतात. या बाबतीत म्हातारी मेल्याचेही दुःख आहे, आणि काळ सोकावल्याचेही. १९४८ च्या करारानंतर कंबोडियात १९७५ पासून, आणि रवांडात १९९४ साली, लाखो माणसे याच हेतूने मारली गेली. स्मृतीने संहार थांबतोच, असे म्हणण्याचे धाडस इतिहासाचा अभ्यासक करणार नाही. परंतु ज्या समाजास शेजाऱ्याविषयीच्या तिरस्काराची पहिली पायरी ओळखता येत नाही, तो शेवटच्या पायरीपर्यंत नकळत जाऊन पोहोचतो, एवढे तरी खास. ती पायरी ओळखण्याचे शिक्षण आकड्यांनी होत नाही. साठ लाख हा आकडा मुले पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत लिहितात. 'डाकघर' करणाऱ्या मुलांची गोष्ट सांगितली म्हणजे वर्ग स्तब्ध होतो. एका मुलीचा चेहरा, एका आईचे पत्र, एका बरणीतील चिठ्ठी, यांतूनच आकड्यास अर्थ प्राप्त होतो.

तेव्हा करावयाचे काय? आउश्विट्झची छावणी २७ जानेवारी १९४५ रोजी मुक्त झाली. संयुक्त राष्ट्रसंघाने २००५ साली हा दिवस स्मृतिदिन म्हणून ठरविला आहे. त्याच्या आदल्या दिवशी आपण प्रजासत्ताक दिनाचे झेंडावंदन करतो. दुसऱ्या दिवशी शाळेत अर्धा तास एखादी साक्ष वाचून दाखविणे कठीण नाही. ॲन फ्रँकची दैनंदिनी मराठीत उपलब्ध आहे. कोल्हापूरच्या सहलीत पन्हाळा व रंकाळा यांच्या जोडीस वळिवड्याचा स्तंभ घालावा. ज्या घरांतून वळिवड्याची, सिंधची किंवा अन्य कोणत्याही उच्छेदाची आठवण असलेले वडीलधारे मनुष्य आहे, तेथे नातवंडांनी वही घेऊन बसावे, तारखा विचाराव्या, नावे विचारावी, आणि जसे सांगितले तसे लिहावे. त्यास अलंकार चढवू नये. दुःखांची तुलना करू नये, आणि एकाच्या दुःखाने दुसऱ्यावर सूड उगवण्याचे समर्थन करू नये. वळिवडेकरांच्या ग्रंथातही मुख्य भर सूडावर नसून कृतज्ञतेवर आहे, हे त्यांच्या थोरवीचे लक्षण होय.

१९४३ साली आठ वर्षांचे असलेले जे मूल वळिवड्याच्या फलाटावर उतरले, ते आज नव्वदीच्या घरात आहे. आणखी काही वर्षांत त्या पिढीचा एकही साक्षीदार उरणार नाही. त्यानंतर साक्ष राहील ती ऐकणाऱ्यांची. गोडसे भटजींना चिंतामणराव वैद्य भेटले, रिंगेलब्लुमच्या बरण्यांना उकरणारे हात लाभले. वळिवड्याच्या साक्षीलाही मराठी घरांतून असे कोणी लाभावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.